चार हजार एकशे बारा

१

अंदाजपत्रकाचं पुस्तक सोमवारी सकाळी छापून आलं आणि पावणेअकरा वाजता मला त्यात आमची योजना मेलेली सापडली.

पान दोनशे चौदा. ‘घरसोबत’ या नावापुढे आकडा होता : एक हजार. लाख नाही, कोटी नाही, नुसते एक हजार. सरकारी भाषेत याला नाममात्र तरतूद म्हणतात. योजना बंद केली असं कुणी म्हणू नये, म्हणून कागदावर तिचा श्वास चालू ठेवायचा. एवढ्या पैशांत आमच्या मजल्यावरचे पंखेसुद्धा वर्षभर पुसून होत नाहीत.

घरसोबत म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्याच इमारतीत निम्म्या लोकांना ते माहीत नाही. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, त्यांच्या घरी सरकार रोज सात तास एक शिकलेली सोबतीण किंवा सोबती पाठवतं. अंघोळ, औषधं, भरवणं, हातपाय हलवून घेणं. तेवढ्या वेळात घरचं माणूस नोकरी करून येतं. या योजनेचं टेबल नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आणि चार वर्षं माझी आई तिच्या यादीत आहे. जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. घरात आम्ही दोघीच. सोबतीण येते म्हणून मी कचेरीत येते. एक तारखेपासून ती यायची थांबली, तर मीही थांबणार होते.

आता ही ओळ कापली कुणी? दरवर्षी वित्त विभाग सगळ्या खात्यांकडून एक यादी मागवतो : पैसे कमी पडले तर तुमचं काय काय बंद करू, ते क्रमाने लिहा. तिला आम्ही कपातयादी म्हणतो. यंदाची यादी मीच टाइप केली होती, सचिवसाहेबांनी सांगितली तशी. त्यात पाच छोट्या योजना होत्या. घरसोबत त्यात नव्हतीच. शुक्रवारी दोन वाजता साहेबांनी तिच्यावर सही केली होती.

मी पुस्तक काखोटीला मारून साहेबांच्या खोलीत धावले. साहेब खिडकीपाशी उभेच होते, आणि त्यांच्या हातात वित्त विभागातून परत मागवलेली आमची फाईल होती.

“तीन पानांची यादी,” ते म्हणाले. “शेवटच्या पानावरची सही माझी आहे. मधलं पान मात्र मी जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या पाचही योजना गायब, आणि पहिल्या क्रमांकावर घरसोबत.”

“साहेब, हे पान मी...”

“थांबा. संगणक कक्षाला विचारून झालंय माझं. हे पान शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी छापलं गेलं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुमच्या संगणकावरून.”

२

दुपारी लेखापरीक्षणातून बाई आल्या. सगळी इमारत त्यांना टाचणीबाई म्हणते, त्यांच्या तोंडावरसुद्धा. बारीक, ताठ, आणि एकदा रुतल्या की काढता काढता घाम फुटतो. त्यांनी आल्या आल्या माझ्या संगणकाला लाखेचं सील लावलं आणि माझ्याच खुर्चीत बसून मला समोर उभं केलं.

“गुरुवारी सभागृहात मतदान आहे,” त्या म्हणाल्या. “त्याआधी हे पान खोटं असल्याचं सिद्ध झालं, तर साहेबांना शुद्धिपत्रक देता येईल. मतदान झालं की वर्षभर ब्रह्मदेवाचा बाप आला तरी आकडा हलत नाही. तेव्हा वेळ घालवू नका. शुक्रवारी चार दहाला कुठे होता?”

“घरी. साडेतीनला निघाले मी. आईला ताप भरलाय म्हणून सोबतिणीचा फोन आला होता.”

“आणि फाईल?”

“मॅडमकडे. साहेबांची सही झाली की फाईल आमच्या खात्याच्या अर्थसंकल्प कक्षातून पुढे जाते. मॅडमच म्हणाल्या, तू जा, फाईलचं मी बघते.”

“संगणक बंद केला होता?”

मी मान खाली घातली. आमच्या मजल्यावर कुणीच करत नाही.

“जाताना कुणी पाहिलं?”

“मॅडमनी. जिन्यापर्यंत सोडायला आल्या होत्या.”

या मॅडम म्हणजे माझी मावशी. सख्खी, आईची धाकटी बहीण. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर माझी शाळा, माझं गणित, या नोकरीची परीक्षा, सगळं मावशीने अंगावर घेतलं. कचेरीत मी तिला मॅडम म्हणते, घरी मावशी, आणि ती मला दोन्हीकडे चिमणी म्हणते. मी त्रेचाळीस वर्षांची, दुहेरी हाडाची चिमणी आहे. आकडा कसा लिहावा हे तिनेच शिकवलं. कालचा आकडा म्हणजे खोटा आकडा, आजचा लिही, असं म्हणून तिने माझे कितीतरी कागद फाडले आहेत.

तिला बोलावलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ती आली, अंबाड्यात पेन खोचलेलं, हातात दुसऱ्याच कसल्यातरी फायली.

“तुमची भाची शुक्रवारी साडेतीनला घरी गेली, असं ती म्हणतेय,” टाचणीबाई म्हणाल्या.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

“गेली होती खरी,” ती म्हणाली. “पण वेळ... शुक्रवारी फार धावपळ होती हो. साडेतीन असतील, साडेचारही असतील. मला नक्की आठवत नाही.”

वीस वर्षांपूर्वीच्या अंदाजपत्रकातले आकडे ही बाई झोपेतून उठवलं तरी सांगते. तिला तीन दिवसांपूर्वीची वेळ आठवत नव्हती.

३

जिन्यात मी तिला गाठलंच.

“मावशी, काय बोललीस हे तू? तूच मला पाठवलंस ना?”

“हळू बोल,” ती म्हणाली. “मी तुझ्या बाजूने बोलले असते, तर भाचीला पाठीशी घालतेय म्हणाले असते. मग माझाही शब्द गेला आणि तुझाही. थोडी कळ काढ, चिमणे. मी आहे ना.”

‘मी आहे ना’ हे तीन शब्द मी बत्तीस वर्षं ऐकत आले होते. पटलं नाही, पण गिळलं.

टाचणीबाईंनी मला बरोबर घेतलं. “डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या,” असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि आम्ही समोरच्या इमारतीत वित्त विभागात गेलो. तिथे जाळीच्या खिडकीमागे आमच्या खात्याच्या फायली घेणारा कारकून बसतो. त्याच्याकडे काहीही न्या, तो ‘बघू’ म्हणतो, आणि म्हणून त्याला सगळे बघूच म्हणतात. शुक्रवारी पाचला पाच कमी असताना आमची फाईल त्याच्या हातात पडली होती. आकडे त्याच संध्याकाळी छपाईला गेले, आणि फाईल सोमवारपर्यंत त्याच्याच कपाटात होती.

“कपाटाची किल्ली कुणाकडे असते?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडे.”

“आणि या सांगतात, गेल्या गुरुवारी तुम्ही यांना फोन करून, घरसोबत यंदा आहे ना, असं विचारलंत. का?”

बघू हातातली किल्ली खिशात घालू लागला. “सहज हो. माझे सासरे त्या यादीत आहेत.”

“मग पान तुम्ही बदललंत का?”

“बघू,” तो सवयीने बोलून गेला आणि ताडकन उभा राहिला. “म्हणजे नाही! नाही हो बाई, आईशप्पथ!”

हसू येण्यासारखी वेळ नव्हती, पण मला आलं. बघू खुर्चीवर बसला आणि आवाज उतरवून बोलू लागला.

“खरं सांगू का? यादीत घरसोबत पहिली बघून मला नवल नाही वाटलं. सगळ्या खात्यांची जुनी खोड आहे ही. कापायला सांगितलं की आपली सगळ्यांत लाडकी योजना पुढे करायची. लोक बोंबाबोंब करतात, सभागृहात गोंधळ होतो, आठ दिवसांत पैसे परत. आणि त्या गडबडीत खात्याच्या बाकीच्या बारीकसारीक योजना वाचतात. आम्हीही इतकी वर्षं डोळेझाक केली. पण यंदा आमच्याकडे वरून आलं की जे पहिलं दिलंय तेच कापा, परत द्यायचं नाही.”

“हे खात्यांना कळवलं होतं?”

“कळवलं असतं तर खाती सावध झाली असती की!”

टाचणीबाईंनी बरोबर आणलेल्या यादीची तीन पानं सुटी केली, खिडकीपाशी नेली आणि एकेक उजेडात धरलं. मग मला बोलावलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची भोकं दोन जोड्या होती. तिसऱ्याच्याही. मधल्या पानाला एकच जोडी.

“म्हणजे टाचलेली यादी कुणीतरी उघडली,” मी म्हणाले, “मधलं पान बदललं, आणि परत टाचली.”

“तुमचा स्टेपलर बघू,” बाई बघूला म्हणाल्या.

“आम्हाला कुठला? तीन वर्षं मागतोय. आम्ही नाडीच बांधतो.” बघू कळवळून म्हणाला. दुसऱ्यांना कात्री लावणाऱ्या विभागाला स्वतःला पिना मिळत नव्हत्या, हे ऐकून मला थोडं बरं वाटलं.

“बरं, घरसोबतीचे लाभार्थी किती?”

बघूने वही उघडली. “माझ्याकडे गेल्या महिन्याचे आहेत. चार हजार अठ्ठ्याण्णव.”

बाई माझ्याकडे वळल्या.

“चार हजार एकशे तेरा,” मी म्हणाले. “शुक्रवारी सकाळी मीच मोजले, आल्या आल्या.”

“या पानावर चार हजार एकशे बारा आहेत.” त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. “टायपिंगची चूक असेल तर विषय संपला. पण चूक नसेल, तर मला सांगा, सकाळपासून दुपारपर्यंत तो एक माणूस गेला कुठे?”

४

संगणक सीलबंद असल्यामुळे मला नोंदी बघता येत नव्हत्या. टाचणीबाईंनी निघताना एवढंच सांगितलं : सोबतिणीकडे रोजची वही असते, तिच्यात येण्याजाण्याच्या वेळा असतात, ती उद्या सकाळी घेऊन या.

घरी पोचले तेव्हा सोबतीण आईच्या केसांतून फणी फिरवत होती. दारामागच्या खिळ्याला वही टांगलेली असते. मी शुक्रवारचं पान काढलं. ‘चार वाजून पाच मिनिटे. घरच्यांच्या ताब्यात दिले.’ खाली सोबतिणीची सही, तिच्या शेजारी माझी. कचेरीपासून घर पस्तीस मिनिटांवर. चार दहाला मी त्या संगणकापाशी असणं शक्यच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

पान उलटताना आतून एक गुलाबी पावती खाली पडली.

“ती होय,” सोबतीण म्हणाली. “शुक्रवारी सकाळी मोठ्या मॅडम देऊन गेल्या ना. म्हणाल्या, एक तारखेपासून तुझा पगार दुसऱ्या योजनेतून निघणार, पावती वहीत जपून ठेव. तुम्हाला ठाऊक असेलच.”

पावती योजनाबदलाची होती. माझ्या आईला घरसोबतीतून काढून ‘विशेष शुश्रूषा’ योजनेत टाकलं होतं. ही योजना नळीने श्वास घेणाऱ्या रुग्णांची. तिचा सगळा पैसा केंद्राकडून येतो, राज्याची कात्री तिला लागतच नाही. माझ्या आईचा श्वास ठणठणीत आहे; शेजारणीशी भांडताना तो चार घरांपलीकडे ऐकू जातो.

खाली सही होती. नातेवाइकाचं नातं : बहीण. तारीख शुक्रवारची.

सकाळी एक नाव निघालं आणि चार हजार एकशे तेराचे एकशे बारा झाले. तो एक माणूस माझ्या समोर उशीला टेकून बसला होता. ज्या बाईने सकाळी स्वतःच्या बहिणीला बाहेर काढलं, तिला माहीत होतं की दुपारी आग लागणार आहे. कारण ती लावणारी तीच होती. आणि ती लावायला तिने माझा संगणक वापरला, मला गोड बोलून जिन्यापर्यंत सोडून.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे मला तोवर फक्त शब्दात माहीत होतं.

“काय वाचतेस गं एवढं?” आईने विचारलं.

“काही नाही. कचेरीचं.”

पावती वहीतून काढून टाकायला एक क्षण पुरला असता. वेळेची नोंद दाखवून मी सुटले असते. टाचणीबाईंना ते एक नाव चार हजारांत शोधायला आठवडा लागला असता, आणि त्यांच्या हातात दोन दिवस होते. आई सुरक्षित, मावशी सुरक्षित, मीसुद्धा. बुडाले असते ते बाकीचे चार हजार एकशे बारा. त्यांच्या घरी जाऊन मी अर्ज भरून घेतले आहेत. कुणाचा जिना किती उंच आहे हेही मला पाठ आहे.

आणि पावती दिली तर मावशी गेली. आईची नवी जागाही गेली. पण ती परत घरसोबतीत येईल, होती तिथे जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात काय अडचण आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, ते आजही ठरवता येत नाही.

सकाळी साडेनऊला मी वही टाचणीबाईंसमोर ठेवली. त्यांनी पावती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“वही देताय ना, नक्की?” त्या म्हणाल्या. “एकदा माझ्या हातात आली की मला ती न पाहिल्यासारखं करता येत नाही.”

“नक्की,” मी म्हणाले.

५

अकरा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब, टाचणीबाई, बघू, मावशी आणि मी. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तो काढून घेतला.

“या प्रकरणात मला एकाच गोष्टीने छळलं,” टाचणीबाईंनी सुरुवात केली. “पान खोटं आहे, पण त्यावरचा आकडा खरा आहे. बघूंनी पान बदललं असतं, तर त्यांनी त्यांच्या वहीतले अठ्ठ्याण्णव लिहिले असते. या बाईंनी बदललं असतं, तर एकशे तेरा, कारण सकाळी त्यांनीच मोजले होते आणि नंतरचा बदल त्यांना माहीत नव्हता. साहेबांना तर कुठलाच आकडा पाठ नाही.”

साहेब खोकले.

“पान खोटं करायचं तर आकडा कुठलाही चालला असता. पण पान बदलणाऱ्या माणसाच्या हाताला शिळा आकडा लिहिताच येत नाही. सकाळी एक नाव निघालं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने इमानदारीत एक वजा केला. ते नाव कुणी काढलं, त्याची पावती ही. सही बहिणीची. या बाई चार वाजून पाच मिनिटांनी घरी होत्या; सोबतिणीशी मी फोनवर बोलले, तिने शेजारच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते तापासाठी आले होते आणि दार यांनीच उघडलं. मग चार दहाला यांच्या उघड्या संगणकावर कोण बसलं होतं? फाईल तेव्हा कुणाकडे होती?”

मावशीने ते गुलाबी चिटोरं हातात घेतलं, वाचलं, आणि व्यवस्थित घडी घालून परत ठेवलं.

“मी बदललं पान,” ती म्हणाली. “आणि साहेब, गुरुवारी तुमची कच्ची यादी वाचली नसती तर नसतं बदललं. पाच योजना कापायला काढल्या होत्यात तुम्ही. बहिऱ्या मुलांची यंत्रं. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचा निवारा. पाचही मिळून सहाशे माणसं नाहीत. त्यांच्यासाठी कोण ओरडणार होतं? गुपचूप मेल्या असत्या. घरसोबतीची चार हजार घरं आहेत. ती उठली असती, रस्ता अडवला असता, पैसे परत आले असते आणि या पाचही वाचल्या असत्या. बावीस वर्षं मी हेच करत आले. प्रत्येक वेळी आलेत पैसे.”

“यंदा द्यायचे नाहीत असा हुकूम होता,” बघू पुटपुटला.

“ते मला काय माहीत?”

“कोण उठणार होतं गं?” मी म्हणाले. “घरसोबतीची घरं? अंथरुणावरची माणसं रस्त्यावर येणार होती, की त्यांना तसंच टाकून त्यांच्या घरचे? काल दिवसभरात कचेरीत नऊ फोन आले. फाटकावर एक म्हातारा आला होता, फलक घेऊन. अर्ध्या तासात तोही गेला, बायको घरी एकटी होती म्हणून. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्या मोर्च्यावर पैज लावलीस तू!”

मावशीच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हिशेब चुकल्याचा भाव पाहिला. हे तिच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. बावीस वर्षं जे कापायला काढलं ते शाळांचं होतं, वसतिगृहांचं होतं. चालत्या-बोलत्या माणसांचं होतं.

“मला वाटलं होतं...” ती म्हणाली.

“काय वाटलं होतं? पैसे परत येणार याची खात्री होती ना तुला? मग माझ्या आईला आधी का काढून ठेवलंस?”

मावशीने अंबाड्यातलं पेन काढलं आणि परत खोचलं.

“ती माझी बहीण आहे,” ती म्हणाली.

“आणि मी? साडेतीनला गेली एवढंच तर म्हणायचं होतं.”

मावशीने आता माझ्याकडे पाहिलं. “तू साडेतीनला गेलीस म्हटलं असतं, तर मग माझ्याशिवाय कोण उरलं असतं, चिमणे?”

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला क्षणभर रागही येईना. मग आला, आणि अजून आहे.

६

शुद्धिपत्रक बुधवारी गेलं आणि गुरुवारी मंजूर झालं. घरसोबतीला मागणीच्या नऊ दशांश मिळाले. साहेबांची मूळ यादी खरी धरल्यामुळे त्या पाच छोट्या योजना गेल्या. मतदानाच्या वेळी मी गॅलरीत बसले होते. पाचही नावं एका दमात वाचली गेली आणि एकाही सदस्याने मान वर केली नाही. एवढ्यापुरती मावशी बरोबर होती, आणि हे कबूल करताना मला तिचा आणखीच संताप येतो. तिला निलंबित केलं. टेबल आवरून जाताना ती माझ्या खुर्चीजवळ थांबली होती. मी समोरची फाईल वाचत राहिले. त्या फायलीत काय होतं ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर आईचा कागद आला. विशेष शुश्रूषेतलं नाव बेकायदा म्हणून रद्द. घरसोबतीत परत घ्यायचं, तर नवीन अर्ज. कारण नियम असा, की एकदा योजना सोडलेल्या माणसाचा पुढचा अर्ज नवा धरावा आणि प्रतीक्षायादीच्या शेवटी लावावा. तरतूद नऊ दशांश असल्यामुळे नव्या अर्जांना यंदा जागा नव्हती. आईचा नंबर सहाशे बारावा लागला.

हा नियम सहा वर्षांपूर्वी मी लिहिला होता. लोक उगाच योजना बदलतात म्हणून. मावशीने तो तपासला होता, आणि छान लिहिलाय म्हणून समासात बरोबरची खूण केली होती.

मी टाचणीबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “वाईट वाटतं हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटलं असावं.

अर्ध्या पगारावर अर्धा दिवस काम करायची परवानगी मागणारा अर्ज लिहून मी घरी आले. सोबतीण स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. आई छताकडे बघत पडली होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागले.

“तुझ्या मावशीचा फोन आला होता,” आई म्हणाली. “सगळं सांगितलं तिने. रडत होती.”

“रडू दे. तिने चार हजार लोकांना वाऱ्यावर सोडलं, आई. मला फासावर द्यायला निघाली होती.”

“ते वाईटच केलं. मी तिला तसं बोलले, आणि पुढे फोन करू नकोस म्हणूनही सांगितलं.”

मला थोडा धीर आला. मी तिचा हात हातात घेतला.

“पण पावती तुला सोमवारी सापडली,” आई म्हणाली. “मी विचारलं काय वाचतेस, तर तू म्हणालीस, कचेरीचं.”

“तुला त्रास नको म्हणून...”

“तीही हेच म्हणाली. त्रास नको म्हणून.” आईने हात सोडवून घेतला, कमरेवरचं तिचं सगळं शाबूत आहे. “माझं नाव तिने यादीतून काढलं, तेव्हा मला विचारलं नाही. माझी जागा तू देऊन टाकलीस, तेव्हा तूही विचारलं नाहीस. मी दे म्हणाले असते गं. त्या बाकीच्या लोकांसाठी मी दे म्हणाले असते. पण ते मी म्हणायचं होतं. माझे पाय गेलेत, तोंड नाही गेलेलं.”

मी तिची चादर सरळ करू लागले.

“मला कुशीवर व्हायचंय,” आई म्हणाली.

मी पुढे झाले.

“तू नको. तिला बोलव. महिनाअखेरपर्यंत आहे ना ती?”

“आहे,” मी म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन सोबतिणीला बोलावून आणलं.